मादी अज्ञात

मे महिना. कूलरचा पंप जळलाय, नुसता पंखा
गरम हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेऊन ठेवतो.
भिंगाखाली, स्पिरिटच्या थेंबात,
एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटर.
मोहरीचा दाणा याच्यापुढे पाटील वाटेल.

गोरेवाड्याच्या बांबूखालून आणला सुकरू उईकेनं,
चादरीवर पाचोळा चाळून.
चाळणी घरची, रव्याची.
बायकोनं अजून परत मागितलेली नाही,
म्हणजे तिनं नवी घेतली असावी.

डोळे सहा. आठ नव्हेत, तीनदा मोजले.
पाठीवर कवच, पोटाखाली दुसरं,
मधे एक मऊ रेघ, जिच्यातून तो श्वास घेत असेल
असं मला वाटतं, पण ते लिहायचं नसतं.
रंग: संत्र्याच्या सालीसारखा, लिहिलं
आणि खोडलं.
या शहरावर आधीच पुष्कळ संत्री लादलीत.
शिवाय स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही;
आताच तो खसाच्या ताटीतून गळलेल्या
तिसऱ्या दिवसाच्या पाण्यासारखा.

ओळखीची सारणी उघडली.
डोळे सहा? चौदावर जा.
कवच सलग? एकविसावर.
नराच्या हाताचं टोक पिळलेलं? तेविसावर.
तेविसावर दोनच दारं.
दोन्हींकडे त्याला घेऊन गेले,
दोन्हींकडून परत आणलं.

ही येजा मला पाठ आहे.
सरकारी जिन्यावर बाबा फाइल छातीशी धरून बसायचे.
खिडकीतला म्हणायचा, पन्नास सालाआधीचा पुरावा आणा,
आजोबांचा शाळेचा दाखला.
आजोबांना शाळेचा ओटा झाडायला मिळे,
ओटा झाडल्याचा दाखला कुणी देत नव्हतं.

आता खिडकीच्या आत मी.
समोर वही, वहीत माझ्याच हातानं आखलेले रकाने:
कुल, प्रजाती, आणि शेवटी
जात, दोन ठिपके.
तिथे पेन्सिल थांबली.
पेन्सिलच लागते या कामाला. शाई स्पिरिटमध्ये विरघळते,
शिसं उरतं,
माझ्यामागेही शंभरेक वर्षं.

याच्याकडे दाखला नाही. आजोबा नाहीत.
पुरावा हाच, अख्खा, मेलेला,
डावा हात काढून वेगळ्या कुपीत.
(काढताना तोंडाला रुमाल बांधला होता,
माझ्या उच्छ्वासानं उडाला असता.)
आणि कुठल्याच रकान्यात बसत नाही
म्हणून याला कुणी जिन्यावर बसवत नाही.
म्हणतात, नवा रकाना आखा. अभिनंदन, गजभिये मॅडम.
खरं सांगते, क्षणभर
एवढ्याशा कोळ्याचा हेवा वाटला.

संध्याकाळी सुकरू आला, स्टुलावर बसला,
एक डोळा मिटून भिंगात बघत राहिला.
मिटायचा नसतो, दोन नळ्या असतात,
सांगितलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाप्पा. हा त खेकड्यावानी हाये."
मग, "याची बाई?"
वहीतलं वाचून दाखवलं: मादी अज्ञात.
त्यानं मान वर केली.
"अज्ञात काहून जी?
तिले त माहीत असन ना, ते कुठं हाये."

लाइट गेली. पंखा सावकाश मोजत मोजत थांबला.
अंधारात कुपीला बूच लावलं, चिठ्ठी आधीच आत होती:
गोरेवाडा, बांबूखाली, पाचोळ्यातून, सु. उईके.
नावाची ओळ कोरी.
सुकरू टेबलाखाली चाळणी चाचपत होता.
पहाटे जाऊ म्हणाला,
ऊन व्हायच्या आत, नाल्याच्या पल्याड,
तिकडचा पाचोळा अजून कुणी हलवलेला नाही.